पदवी कुणाची? मुंबईतल्या खासगी विद्यापीठांच्या ‘नामवंत माजी विद्यार्थ्यां’ची पार्श्वभूमी

मुंबईतल्या नव्या खासगी विद्यापीठांच्या इमारतीत शिरलं की लिफ्टजवळच्या भिंतीवर फोटोंच्या चौकटी दिसतात. बँकेतली मोठी अधिकारी, मालिका लिहिणारा लेखक, सनदी सेवेत गेलेला कुणी, औषधांचा कारखाना काढलेला कुणी. खाली नाव आणि हुद्दा असतो. पदवीचं वर्ष बहुतेक ठिकाणी नसतं. विद्यापीठ २०१९चं आणि फोटोतल्या बाईंचे केस पांढरे, अशी भिंत मी स्वतः पाहिली आहे. ही माणसं त्या वास्तूत शिकली आहेत, यात शंका नाही. तरी ती ‘या विद्यापीठाची पदवीधर’ ठरतात का, यावरून गेली काही वर्षं वाद होतो आहे. तो समजून घ्यायला पदवी देण्याचा अधिकार या शहरात कुणाकडून कुणाकडे गेला ते बघावं लागतं.

मूळ व्यवस्था १८५७च्या मुंबई विद्यापीठाची, लंडनच्या नमुन्यावर बेतलेली. शिकवायचं कॉलेजांनी, परीक्षा घेऊन पदवी द्यायची विद्यापीठाने. १८६२ला रानडे, भांडारकर, मोडक आणि वागळे हे पहिले चार पदवीधर बाहेर पडले. पुढे फोर्टातल्या त्या राशीचक्राच्या रंगीत काचा असलेल्या सभागृहात पिढ्यान् पिढ्या पदव्या घेतल्या गेल्या. माणूस एकीकडे घडायचा आणि कागद दुसरीकडून यायचा. म्हणून मुंबईकर आजही ‘मी रुईयाची’, ‘मी व्हीजेटीआयचा’ असंच सांगतो. ‘मी मुंबई विद्यापीठाचा’ असं लग्नाच्या बायोडेटाबाहेर सहसा कुणी म्हणत नाही. आजच्या वादाचं बी या सवयीत आहे.

याच्या अगदी उलटं उदाहरणही आपल्याकडेच घडलं. १९१६ साली पुण्यात, हिंगण्याच्या आश्रमाच्या कामातून महिलांचं विद्यापीठ (आजचं एसएनडीटी) निघालं, तेव्हा त्याला सरकारी मान्यता नव्हती. खऱ्या अर्थाने ते खासगी विद्यापीठ होतं. शिक्षण मातृभाषेतून होतं आणि पदवीचं नावही आपलं, ‘गृहीतागमा’. १९२०मध्ये मुंबईच्या एका गिरणीमालकाने १५ लाखांची देणगी दिली, त्यांच्या आईचं नाव विद्यापीठाला लागलं, १९३६मध्ये मुख्यालय मुंबईत आलं आणि कायद्याचा दर्जा मिळाला तो १९५१मध्ये. मधल्या ३५ वर्षांत ज्या मुली शिकल्या, त्यांचं विद्यापीठ होतं, पदवी होती, फक्त सरकार ती मानत नव्हतं. आज भिंतीवरच्या फोटोंची गोष्ट नेमकी उलटी आहे. त्यांची पदवी सगळं जग मानतं. ती मिळाली तेव्हा हे विद्यापीठ अस्तित्वातच नव्हतं.

१९५६च्या विद्यापीठ अनुदान आयोग (यूजीसी) कायद्यातली तीन कलमं इथे लक्षात ठेवावी लागतात. कलम २२ सांगतं की पदवी फक्त विद्यापीठच देऊ शकतं. कलम २३ सांगतं की कायद्याने स्थापन न झालेल्या कुणी नावात ‘विद्यापीठ’ लावायचं नाही. आणि कलम ३ने मधली वाट काढली: एखादी संस्था विद्यापीठ नसली तरी केंद्र सरकार तिला विद्यापीठासारखी ‘मानू’ शकतं, आणि मग तिलाही पदवी देता येते. मराठीत आपण तिला अभिमत विद्यापीठ म्हणतो. देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेला, १९३६पासून चालत आलेल्या, १९६४मध्ये हा दर्जा मिळाला. नर्मदेच्या खोऱ्यासाठी आयुष्य दिलेल्या कार्यकर्तीने समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण तिथेच घेतलं, तेही दर्जा मिळाल्यानंतर. तिच्याबाबतीत शिकणं आणि पदवी एकाच दारातून आली, म्हणून तिथे वाद नाही.

वादाची खरी जमीन तयार झाली १९८३नंतर. राज्य सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली आणि पाहता पाहता विद्याविहारला, वांद्र्याला, नवी मुंबईला कॉलेजं उभी राहिली. विद्याविहारला तर रेल्वे स्टेशनचं नावच शिक्षणसंकुलावरून पडलेलं. घराघरांत ‘डोनेशन’ हा शब्द आला तो याच काळात. देणगीविरोधी कायदा १९८७चा. मी त्या कॉलेजांतल्या पहिल्या दहाबारा तुकड्या जवळून पाहिल्या आहेत. मध्यमवर्गीय मराठी घरांतून आलेली मुलं, वडिलांनी सोसायटीतून किंवा भविष्य निर्वाह निधीतून उचललेलं कर्ज, आणि त्या कर्जाच्या धाकाने सकाळी सव्वासातची लोकल पकडणारी मुलं. अभ्यासक्रम फोर्टच्या विद्यापीठाचा, पेपर त्यांचे, एटीकेटीचे नियम त्यांचे. कॉलेजचं स्वतःचं काय, तर प्रयोगशाळा, कँटीन आणि शिक्षक. आणि एकांकिका.

ही एकांकिका विसरून त्या तुकड्यांच्या वाटा समजणार नाहीत. आयएनटी या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेच्या तालमी कॉलेजच्या जिन्यात रात्री अकरापर्यंत चालायच्या, २५ जानेवारीची ‘सवाई’ एकांकिका स्पर्धेची रात्र हा वर्षाचा सण असायचा. इलेक्ट्रॉनिक्सची मुलं नेपथ्याची वायरिंग करायची आणि त्यातलीच दोघं संहिता लिहायची. १९९९–२०००च्या सुमारास खासगी मराठी वाहिन्या आल्या आणि रोजच्या मालिकांना रोज लिहिणारी माणसं हवी झाली, तेव्हा या जिन्यांतली बरीच मुलं तिकडे गेली. त्याच तुकडीतली बाकीची मुलं त्याच सुमारास अंधेरीच्या सीप्झ या निर्यात-उद्योग वसाहतीत, मग पुण्याला, मग न्यू जर्सीला गेली. अभियांत्रिकीची पदवी असलेला नट, दिग्दर्शक, पोलीस अधिकारी, बँकर असं जे वैविध्य आज भिंतीवर मिरवलं जातं, त्यामागे कुणा संस्थेची आखणी नव्हती. फी भरायला नोकरी आणि जगायला नाटक, अशा ओढाताणीतून ते आलं. ही मुलं घडवली ती जिन्यातल्या तालमींनी आणि जास्तीचे तास घेणाऱ्या शिक्षकांनी, आणि ते श्रेय कॉलेजचंच आहे, असं माझं ठाम मत आहे.

व्यवस्थापन शिक्षणाची गोष्ट थोडी वेगळी. तिथे बऱ्याच संस्था पदवी देतच नव्हत्या, कारण कलम २२ आड यायचं. त्या ‘पीजीडीएम’ ही पदविका द्यायच्या. नोकरीच्या बाजारात पदवी-पदविकेचा फरक कुणी करत नसे, पण परदेशात पीएच.डी.ला जाताना किंवा सरकारी पदासाठी अर्ज करताना तो अंगावर यायचा. संस्थांना विद्यापीठ व्हावंसं वाटण्याचं हे एक साधं, व्यावहारिक कारण होतं.

मग अभिमत दर्जाची लाट आली. १९८१ला सुरू झालेली विलेपार्ल्याची व्यवस्थापन संस्था २००३मध्ये अभिमत झाली. माटुंग्याचा रसायन तंत्रज्ञान विभाग, १९३३पासून मुंबई विद्यापीठाचाच असलेला, २००८मध्ये वेगळा झाला. माटुंगा खासगी नाही, पण वाद समजायला ते उदाहरण सगळ्यांत स्वच्छ आहे. देशातला सर्वांत मोठा तेल-रसायन उद्योग चालवणारे गृहस्थ तिथून रसायन अभियंता होऊन बाहेर पडले; हैदराबादेत औषध कंपनी उभारणारे डॉक्टरही माटुंग्याचेच. दोघांच्याही काळात शिकवणं आणि पदवी दोन्ही मुंबई विद्यापीठाचं. आज ते दोघे माटुंग्याच्या संस्थेच्या अभिमानाच्या यादीत आहेत, आणि कलिन्यात, मुंबई विद्यापीठाच्या संकुलातही, कुणी त्यांचं नाव खोडलेलं नाही.

बाहेर मात्र विश्वास ढासळत होता. छत्तीसगडने एका कायद्याखाली शंभरावर खासगी विद्यापीठांना जन्म दिला होता. फेब्रुवारी २००५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या कायद्याची मुख्य कलमंच घटनाबाह्य ठरवली आणि विद्यापीठं एका निकालात संपली. तिथल्या विद्यार्थ्यांना राज्याच्या जुन्या विद्यापीठांशी जोडून घ्यावं लागलं. २००९मध्ये केंद्राच्या समितीने ४४ अभिमत संस्था दर्जाला लायक नाहीत असं म्हटलं. नोव्हेंबर २०१७मध्ये अनुदान आयोगाने न्यायालयाच्या आदेशावरून १२३ संस्थांना नावातला ‘युनिव्हर्सिटी’ शब्द काढायला लावला. रातोरात पाट्या, लेटरहेड, संकेतस्थळं बदलली. त्या सुमारास मुलीच्या प्रवेशासाठी फिरणाऱ्या माझ्या एका शेजाऱ्यांनी विचारलं होतं, “अहो, काल विद्यापीठ होतं, आज नाही, मग मुलीला पदवी कोण देणार?” पदवी तीच संस्था देणार होती. फक्त तिला स्वतःला विद्यापीठ म्हणवता येत नव्हतं. कायद्यातल्या एका ‘मानलेल्या’ शब्दाने आईबापांच्या पोटात किती कालवाकालव होते, हे नियम करणाऱ्यांनी बघायला हवं होतं.

त्याच वर्षी इकडे मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकावर तपासायचा घाट घातला आणि निकाल काही महिने रखडले. परदेशी प्रवेश हुकले, नोकऱ्या लांबल्या. शेवटी राज्यपालांनी कुलगुरूंना पदावरून दूर केलं. मोठ्या संस्थांनी ‘आपण वेगळे झालेलं बरं’ असं मनाशी धरलं, त्याला या गोंधळाने जोर दिला. राज्यात २०१४पासून प्रत्येक खासगी विद्यापीठासाठी वेगळा कायदा होऊ लागलाच होता. २०१९मध्ये विद्याविहारचं संकुल विद्यापीठ झालं. कागदोपत्री शब्द ‘स्वयंअर्थसहाय्यित’. बोलताना सगळे खासगीच म्हणतात. अभिमत आणि खासगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एक केंद्राच्या कलम ३मुळे आणि दुसरी विधिमंडळाच्या कायद्यामुळे, पण प्रवेशाच्या रांगेत हा फरक कुणी समजावून सांगत नाही.

आणि इथे यादीचा प्रश्न आला. नवं विद्यापीठ झालं तरी आधी प्रवेश घेतलेल्या तुकड्या जुन्याच विद्यापीठाच्या पदवीने बाहेर पडतात. आमच्या इमारतीत एक बहीणभाऊ आहेत. कॉलेज एकच, प्रयोगशाळा एकच, दोघांना गणित शिकवणाऱ्या बाईही एकच. ताईच्या पदवीवर मुंबई विद्यापीठाचा शिक्का, धाकट्याच्या पदवीवर नव्या विद्यापीठाचा. ताईला कॅनडासाठी ट्रान्सक्रिप्ट हवी होती तेव्हा ती कलिन्याच्या परीक्षा भवनात दोन चकरा मारून आली. धाकट्याचं काम कॉलेजच्या तळमजल्यावर झालं. उद्या दोघांनी नाव काढलं तर फोटो एकाच भिंतीवर लागतील.

संस्थांना ही भिंत लागते, त्याला कारणही आहे. विद्यापीठांना श्रेणी देणाऱ्या मूल्यांकन परिषदेच्या (नॅक) निकषांत माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाला वेगळे गुण आहेत. स्थापनेनंतर चार-पाच वर्षांच्या विद्यापीठाकडे पंचविशीतले पदवीधर असतात. त्यांच्यात कुणी बँकेचा प्रमुख कसा असेल? म्हणून आधीच्या कॉलेजची चाळीस वर्षं यादीत येतात. कायद्याने बघितलं तर ‘पदवीधर’ आणि ‘माजी विद्यार्थी’ हे दोन शब्द वेगळे आहेत. ‘आमचे माजी विद्यार्थी’ म्हणणं माझ्या मते रास्त, कारण वर्ग तेच, शिक्षक तेच. ‘आमच्या विद्यापीठाचे पदवीधर’ म्हणणं चूक, आणि पैसे मोजून प्रवेश घेणाऱ्या घरांची दिशाभूल करणारं. वर्ष न छापल्याने पहिला शब्द दुसऱ्यासारखा वाचला जातो.

सरकारही याला अपवाद नाही. फोर्टातलं सर्वांत जुनं सरकारी कॉलेज २०१९मध्ये आणखी तीन संस्थांसोबत समूह विद्यापीठात गेलं. राज्यघटनेच्या शिल्पकारांनी बी.ए. केलं ते याच कॉलेजातून, पदवी मुंबई विद्यापीठाची. त्यांना शंभर वर्षांनी जन्मलेल्या विद्यापीठाचे पदवीधर म्हणायला कुणाचंही मन धजावणार नाही. तोच संकोच खासगी भिंतींपाशीही असावा.

एक फरक मात्र फक्त मानाचा नाही, मताचाही आहे. २०१६च्या कायद्यानुसार मुंबई विद्यापीठाच्या अधिसभेवर (सिनेटवर) नोंदणीकृत पदवीधरांमधून १० जण निवडून जातात. २०२३-२४मध्ये ती निवडणूक पुन्हा पुन्हा पुढे ढकलली गेली आणि उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर झाली, इतकी ती राजकारणाला महत्त्वाची वाटते. खासगी विद्यापीठांत नियामक मंडळ असतं, व्यवस्थापन मंडळ असतं. पदवीधरांनी निवडून द्यायची अधिसभा नसते. म्हणजे ताईला अधिसभेसाठी मत आहे, धाकट्याला नाही. विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघात मात्र दोघेही सारखे.

पूर्व उपनगरातल्या एका संस्थेच्या माजी विद्यार्थी संघाच्या स्मरणिकेचं काम मध्यंतरी माझ्याकडे होतं. यादीवरून दोन बैठका झाल्या. कचेरीतून निवृत्त झालेले अधीक्षक, ज्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो, गप्प बसून होते. शेवटी म्हणाले, “पदव्यांचे गठ्ठे मी स्वतः कलिन्याहून टॅक्सीत घालून आणलेत. दोन रकाने करा. शिकले कुठे, पदवी कुणाची. भांडण कशाला?” तसंच केलं. चाळीस पानं दोन्ही रकान्यांत दोन वेगवेगळी नावं भरत गेलो. शेवटच्या पानावर नव्या विद्यापीठाच्या पहिल्या तुकडीची तीन नावं आली: एक मुलगी रेल्वेच्या सिग्नल विभागात, एक सायबर सुरक्षेच्या कंपनीत, आणि एक मुलगा नोकरी सोडून नाटकाच्या दौऱ्यावर. तिथे पहिल्यांदा दोन्ही रकान्यांत एकच नाव लिहिलं.