जुना आय-सेव्हन नव्या आय-थ्रीपेक्षा भारी नसतो

आमच्या यवतमाळकडच्या खेड्यांत झेरॉक्सचं दुकान टाकणाऱ्या पोराला हमखास सांगतात, ‘आय-सेव्हनच घे, आय-थ्री हलका.’ ही इंटेल कंपनीच्या प्रोसेसरची, म्हणजे कॉम्प्युटरच्या मेंदूची नावं. पण हे सांगणं चूक आहे. नावातला सात-तीनचा आकडा त्या-त्या पिढीपुरताच. २०११चा आय-सेव्हन २६०० आणि २०२२चा आय-थ्री १२१००, दोन्हींत चारच कोअर (काम करणारे भाग). तरी नवा कितीतरी वेगवान. जुन्यावर विंडोज ११ला अधिकृत मान्यताही नाही. सोयाबीन विकून आणलेला पैसा अशा जुन्या डब्यात गेला की जीव तुटतो.

मदरबोर्डही (ज्यावर प्रोसेसर बसतो ती पाटी) कोणताही चालत नाही. २६००चं सॉकेट (प्रोसेसर बसायची जागा) एलजीए ११५५, १२१००चं एलजीए १७००. नव्याला साधा एच६१० बोर्ड पुरतो. रॅम (कॉम्प्युटरची तात्पुरती मेमरी) मात्र बोर्ड पाहूनच घ्या, तिचा प्रकार डीडीआर४ की डीडीआर५ ते. प्रोसेसरच्या नावाशेवटी ‘एफ’ असेल तर आत ग्राफिक्स (स्क्रीनवर चित्र दाखवणारा भाग) नसतं. वाचलेल्या पैशात यूपीएस घ्या, आपल्याकडच्या लाइनीचा नेम नाही.