झाडांमुळे आरोग्य सुधारते, हे कसे सिद्ध होत गेले?

इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात कोरलेल्या गिरनारच्या लेखात सम्राट अशोकाने माणसांच्या व जनावरांच्या औषधोपचारांची सोय, औषधी वनस्पतींची लागवड, रस्त्याकडेच्या विहिरी आणि झाडे या सगळ्यांचा उल्लेख एकाच आज्ञेत केला आहे. वृक्ष आणि आरोग्य यांचे नाते आपल्याकडे इतके जुने आहे की त्याचा पुरावा मागावा, असे फारसे कोणाला वाटले नाही. एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेतील शहरांनी मोठी उद्याने उभारली, तेव्हाही रोग दूषित हवेतून पसरतात आणि झाडे ती हवा शुद्ध करतात, एवढे कारण पुरेसे मानले जात असे. पुढे रोगजंतूंचा शोध लागून ती समजूत मागे पडली आणि तिच्याबरोबर झाडांचा विचारही वैद्यकाच्या कक्षेतून बराचसा बाहेर गेला.

तो परत आला रुग्णालयाच्या जुन्या नोंदींमधून. रॉजर उलरिच या अमेरिकी संशोधकाने पेनसिल्व्हेनियातील एका रुग्णालयात १९७२ ते १९८१ या काळात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांचे कागद तपासले. एकसारख्याच असलेल्या खोल्यांपैकी काहींच्या खिडकीतून झाडे दिसत, तर काहींच्या खिडकीतून विटांची तपकिरी भिंत. झाडांना पाने असतात त्या महिन्यांतल्याच, म्हणजे मे ते ऑक्टोबरमधल्याच नोंदी त्यांनी घेतल्या. झाडे दिसणारे रुग्ण लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. १९८४ साली प्रसिद्ध झालेला हा निबंध छोटा असला, तरी झाडांचा परिणाम मोजता येतो हे त्याने दाखवून दिले.

मात्र रुग्णालयातील काही खोल्या वेगळ्या आणि अख्खी वस्ती वेगळी. हिरव्या भागात राहणारे लोक निरोगी आढळले, तरी ते बहुधा सधनही असतात. मग श्रेय झाडांचे की पैशाचे? या शंकेला उत्तर मिळण्याची संधी एका दुर्दैवी घटनेने दिली. पूर्व आशियातून आलेला, खोड पोखरणारा एक हिरवा भुंगेरा २००२ साली अमेरिकेत डेट्रॉइटजवळ सापडला. त्याच्या अळ्या सालीखालचा थर खातात, त्यामुळे झाडाचा अन्नपाण्याचा मार्ग तुटतो आणि अ‍ॅश जातीचे उभे झाड काही वर्षांतच वाळते. कोट्यवधी झाडे अशी गेली. एरवी तशाच राहिलेल्या मोहल्ल्यांतून केवळ सावली नाहीशी झाली. जेफ्री डोनोव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १५ राज्यांतील १९९० ते २००७ या काळातील मृत्यूंच्या नोंदी पाहिल्या, तेव्हा किडीचा प्रादुर्भाव झालेल्या भागांत श्वसनविकारांनी सुमारे ६,१०० आणि हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी सुमारे १५,००० जास्तीचे मृत्यू झाल्याचे त्यांना आढळले. उत्पन्न, शिक्षण अशा घटकांचा हिशेब करूनही हा संबंध टिकला, आणि सरासरीपेक्षा अधिक उत्पन्नाच्या भागांत तो अधिकच ठळक होता. २०१३ साली प्रसिद्ध झालेले हे आकडे वाचताना आजही मन अस्वस्थ होते.

झाडे गेल्याने अपाय होतो, हे एवढ्याने सूचित झाले. झाडे लावल्याने उपाय होतो का, हा प्रश्न मात्र उरलाच होता. अमेरिकेतील लुइव्हिल विद्यापीठाच्या अरुणी भटनागर यांच्या गटाने तो थेट प्रयोगाने हाताळला. २०१८ पासून या शहराच्या दक्षिणेकडील वस्त्यांमधील रहिवाशांच्या रक्ताचे आणि इतर नमुने घेण्यात आले, आणि नंतर त्यांतील काही वस्त्यांमध्ये ८,००० हून अधिक झाडे व झुडपे लावण्यात आली. ती रोपे नव्हती, वाढलेली मोठी झाडे होती आणि बहुतेक सदाहरित होती, कारण हवेतले सूक्ष्म कण अडतात ते पानांच्या पृष्ठभागावर, आणि रोपाला मुळात पाने किती असणार? ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षानुसार, झाडे लावलेल्या भागातील लोकांच्या रक्तात दाह दर्शवणाऱ्या एका प्रथिनाचे प्रमाण, झाडे न लावलेल्या भागातील लोकांच्या तुलनेत, १३ ते २० टक्क्यांनी कमी आढळले. हृदयविकाराचा धोका जोखताना डॉक्टर हेच प्रथिन तपासतात.

आपल्याकडे शहरांतील वृक्षतोडीवर १९७५ च्या महाराष्ट्र कायद्याचे नियंत्रण आहे. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे किंवा त्याहून जुन्या झाडांना वारसावृक्षाचे संरक्षण दिले आणि असे झाड तोडावेच लागले, तर त्याच्या वयाइतकी झाडे लावण्याची अट घातली. ही दुरुस्ती स्वागतार्हच आहे, कारण झाडाच्या वयाला तिने प्रथमच मोल दिले. पण लुइव्हिलमध्ये जे मोजले गेले ते घराजवळच्या भरल्या झाडाचे काम होते. साठ वर्षांच्या वडाच्या बदल्यात साठ रोपे लावली, तरी तेवढा पर्णसंभार तयार व्हायला काही दशके जावी लागतात, आणि ती रोपे दुसऱ्या उपनगरात लावली गेली, तर वडाखालून रोज जाणाऱ्या दमेकऱ्याला ती पाने कधीच परत मिळत नाहीत.