मूत्रपिंड बायॉप्सी आणि लोकसमूहातील मूत्रपिंडविकार

मूत्रपिंडातून सुईने काढलेल्या ऊतकाच्या बारीक तुकड्याची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करून विकाराचे नेमके स्वरूप ठरवण्याच्या पद्धतीला मूत्रपिंडाची बायॉप्सी म्हणतात. एका रुग्णापुरता तिचा उपयोग निदान, उपचारांची निवड आणि रोगाच्या पुढील वाटचालीचा अंदाज यांसाठी होतो. एखाद्या प्रदेशातील अशा हजारो तपासण्यांची नोंद वर्षानुवर्षे एकत्र ठेवली, तर तेथील लोकांची मूत्रपिंडे कोणत्या विकारांनी, कोणत्या वयात आणि कोणत्या क्रमाने खराब होतात हेही दिसू लागते. मात्र बायॉप्सी करायची की नाही, कोणाची आणि कधी, या निर्णयाच्या गाळणीतून जेवढे खाली उतरते तेवढेच या नोंदीत येते, आणि ती वाचताना ही गाळणी सतत ध्यानात ठेवावी लागते.

रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंडे लघवीवाटे बाहेर टाकतात तो टाकाऊ पदार्थ) वाढले किंवा लघवीतून प्रथिने जाऊ लागली, की मूत्रपिंड बिघडले एवढे कळते. ते कशाने बिघडले हे त्यावरून कळत नाही. अंगावर सूज आणि लघवीला फेस ही लक्षणे घेऊन आलेल्या प्रौढ रुग्णाला मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथी (रक्त गाळणाऱ्या पडद्यात प्रतिपिंडे साचून होणारा विकार) असू शकते, एफएसजीएस (रक्त गाळणाऱ्या काही गुच्छांच्या काही भागांत व्रण, म्हणजे निबर ऊतक, तयार होणे) असू शकतो, ल्युपस (प्रतिरक्षा संस्था स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा रोग), अमायलॉइडोसिस (विकृत प्रथिन अवयवांत साचणे) किंवा मधुमेहजन्य विकारही असू शकतो. वरून सारखे दिसणारे हे विकार ऊतकात वेगवेगळे असतात आणि त्यांचे उपचारही वेगळे असतात. म्हणून केवळ रक्त-लघवीच्या तपासण्यांवर आधारलेल्या पाहण्या लोकसंख्येत मूत्रपिंडविकार किती आहे हे सांगू शकतात, पण तो कोणता आहे हे बहुधा ऊतकच सांगते.

त्वचेतून सुई घालून मूत्रपिंडाचा तुकडा काढण्याची पद्धत 1951 मध्ये कोपनहेगनच्या इव्हर्सेन आणि ब्रुन यांच्या शोधनिबंधाने सर्वज्ञात झाली. स्वीडनमधील लुंड येथे आल्वॉल यांनी त्याआधी, 1944 मध्येच, असे प्रयत्न केले होते. 1954 मध्ये कार्क आणि म्युर्के यांनी रुग्णाला पालथे झोपवून सुई घालण्याची सुधारित रीत मांडली. आज सोनोग्राफीवर पाहत, स्प्रिंगच्या जोरावर चालणाऱ्या सुईने हे काम काही मिनिटांत होते. लघवीतून डोळ्यांना दिसेल इतके रक्त जाण्याचे प्रमाण शंभरात तीन-चार असते, तर जिवावर बेतणारा रक्तस्राव फार क्वचित होतो.

निघालेला तुकडा काडीएवढा बारीक आणि साधारण एक ते दीड सेंटिमीटर लांब असतो. सलाइनच्या थेंबात ठेवून भिंगातून पाहिले, तर फिकट गुलाबी ऊतकात लालसर ठिपके दिसतात. हे रक्त गाळणारे केशिकागुच्छ, म्हणजेच ग्लोमेरुलस. ठिपके दिसले नाहीत, तर सुई बाह्यक, म्हणजे मूत्रपिंडाचा बाहेरचा थर, ओलांडून आत गेली असे समजून दुसरा तुकडा घ्यावा लागतो. एका मूत्रपिंडात सरासरी दहा लाखांच्या आसपास केशिकागुच्छ असतात आणि बायॉप्सीत त्यांतले दहा-वीस हाती लागतात. विकार दहा टक्केच गुच्छांत असेल, तर दहा गुच्छांच्या नमुन्यात त्यांतला एकही न सापडण्याची शक्यता सुमारे 35 टक्के असते. वीस गुच्छ मिळाले, तर ती 12 टक्क्यांवर येते. विखुरलेल्या ठिकाणी सुरू होणारा एफएसजीएस लहान नमुन्यांमधून निसटतो आणि त्याची नोंद मिनिमल चेंज विकार (ज्यात साध्या सूक्ष्मदर्शकाखाली गुच्छ जवळजवळ निरोगी दिसतात) म्हणून होते, ती या साध्या गणितामुळे. त्या एका तुकड्याचेही पुन्हा भाग करतात: एक साध्या सूक्ष्मदर्शकासाठी, एक इम्युनोफ्लुओरेसन्ससाठी (ऊतकात साचलेली प्रतिपिंडे चमकत्या रंगाने दाखवणारे तंत्र) आणि एक इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी. ही शेवटची दोन तंत्रे जिथे उपलब्ध नाहीत, तिथल्या आकडेवारीतून काही रोग नाहीसेच होतात. पॅरिसमधील बर्जर आणि हिंगले यांनी 1968 मध्ये इम्युनोफ्लुओरेसन्सच्या आधारे आयजीए नेफ्रोपॅथीचे, म्हणजे आयजीए नावाची प्रतिपिंडे केशिकागुच्छांत साचून होणाऱ्या विकाराचे, वर्णन केले. त्याआधीही हा विकार रुग्णांत होताच, पण त्याला नाव नव्हते, त्यामुळे गणतीही नव्हती.

इटलीने 1987 मध्ये, स्पेनने 1994 मध्ये आणि जपानने 2007 मध्ये बायॉप्सींच्या राष्ट्रीय नोंदी सुरू केल्या. अशा नोंदींवरून काही गोष्टी ठळकपणे पुढे आल्या आहेत. पूर्व आशियात आणि युरोपच्या बऱ्याच भागांत प्राथमिक केशिकागुच्छविकारांमध्ये आयजीए नेफ्रोपॅथी सर्वाधिक आढळते. शरीरव्यापी रोगांमुळे होणाऱ्या विकारांत तरुण स्त्रियांमध्ये ल्युपस नेफ्रायटिस पुढे असतो, तर साठीनंतर एएनसीए व्हॅस्क्युलायटिस (प्रतिपिंडांमुळे होणारा बारीक रक्तवाहिन्यांचा दाह) आणि अमायलॉइडोसिस यांचा वाटा वाढतो. आफ्रिकी वंशाच्या लोकांत एफएसजीएसचे प्रमाण जास्त का, या जुन्या प्रश्नाच्या उत्तराचा मोठा भाग 2010 मध्ये एपीओएल1 या जनुकाच्या दोन भेदांत सापडला. झोपेच्या आजाराच्या परजीवीपासून संरक्षण देणारे हे भेद दोन्ही पालकांकडून आले, तर मूत्रपिंडाला घातक ठरू शकतात. मात्र एफएसजीएस हा मुळात व्रणाचा एक नमुना आहे, रोगाचे नाव नव्हे, ही गोष्ट नोंदींच्या तक्त्यांत फार सहज विसरली जाते.

गाळणीचा परिणाम जपानच्या उदाहरणात स्पष्ट दिसतो. तेथे 1974 पासून शाळकरी मुलांच्या लघवीची दरवर्षी तपासणी होते. त्यामुळे काहीही त्रास नसलेली, फक्त लघवीत सूक्ष्म रक्त सापडलेली मुले बायॉप्सीपर्यंत पोहोचतात आणि आयजीए नेफ्रोपॅथीचा आकडा वाढतो. जिथे सूज आल्यावर किंवा क्रिएटिनिन चढल्यावरच बायॉप्सी करतात, तिथे हा सौम्य गट नोंदीत येतच नाही आणि नेफ्रॉटिक सिंड्रोम (लघवीतून खूप प्रथिने जाऊन अंगावर सूज येणे) घडवणारे विकार वरच्या क्रमांकावर जातात. असे असले तरी सगळा फरक तपासणीच्या रीतीचा नाही. जपानमध्येच प्रत्यारोपणासाठी मिळालेल्या 510 मूत्रपिंडांची तपासणी केली असता त्यांपैकी 82 मध्ये, म्हणजे 16.1 टक्क्यांत, आयजीएचे निक्षेप, म्हणजे साचलेले थर, आढळले; हे दाते निरोगी समजले गेलेले होते. याचा अर्थ असा, की ऊतकातील खूण आणि रोग यांत अंतर असते आणि बायॉप्सीच्या नोंदीत दिसणारा विकार हा पाण्यावर आलेला भाग असतो.

याच्या उलट काही विकार लोकसंख्येत भरपूर असूनही नोंदीत तुटपुंजे दिसतात. लहान मुलांच्या नेफ्रॉटिक सिंड्रोममध्ये आधी स्टिरॉइड देतात आणि गुण आला, तर बायॉप्सी करत नाहीत. त्यामुळे मिनिमल चेंज विकाराची खरी संख्या कधीच मोजली जात नाही. मधुमेह हे अनेक देशांत मूत्रपिंड निकामी होण्याचे पहिले कारण आहे, पण निदान उघड असल्याने अशा रुग्णांची बायॉप्सी सहसा होत नाही. काही वेगळे वाटले तरच ती होते, आणि मग न्यूयॉर्कमधील 620 मधुमेही रुग्णांच्या एका अभ्यासात आढळले तसे घडते: 37 टक्क्यांत केवळ मधुमेहजन्य विकार, 36 टक्क्यांत केवळ दुसराच विकार आणि 27 टक्क्यांत दोन्ही. ‘तीनांतल्या एका मधुमेह्याला वेगळाच मूत्रपिंडविकार असतो’ असे वाक्य या आकड्यांवरून लिहिणे चूक आहे, कारण ते ज्यांच्याबद्दल शंका आली त्यांच्यापुरतेच खरे आहे. आकसून लहान झालेल्या मूत्रपिंडाची बायॉप्सीही टाळतात. धोका अधिक असतो आणि हाती फक्त व्रण लागतो. म्हणजे रोगाची सर्वांत हलकी आणि सर्वांत जड, अशी दोन्ही टोके नोंदीबाहेर राहतात.

काळानुसार होणारे बदल टिपणे हे अशा नोंदींचे दुसरे मोठे काम आहे. चीनमधील 282 शहरांतून 2004 ते 2014 या काळात गोळा झालेल्या 71,151 बायॉप्सींच्या अभ्यासात मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथीची शक्यता दरवर्षी सुमारे 13 टक्क्यांनी वाढताना दिसली आणि या वाढीचा हवेतील सूक्ष्म धूलिकणांशी संबंध आढळला. नवजात बालकांना हिपॅटायटिस बीची लस मिळू लागल्यावर त्या विषाणूमुळे मुलांना होणारी मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथी घटली. घसा आणि त्वचेच्या संसर्गानंतर होणारा केशिकागुच्छदाहही राहणीमान सुधारलेल्या देशांत मागे पडला आहे.

कारण अज्ञात असलेल्या स्थानिक विकारांच्या बाबतीत मात्र मूठभर बायॉप्सींनीही मोठे काम केले आहे. ब्रुसेल्समध्ये 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला काही तरुण स्त्रियांची मूत्रपिंडे झपाट्याने निकामी झाली. त्यांच्या ऊतकात केशिकागुच्छ बरेचसे शाबूत आणि नलिकांमधील जागा व्रणाने भरलेली, असे सारखेच चित्र दिसले. त्या सर्वांनी वजन घटवण्यासाठी एकाच दवाखान्यातील वनौषधी घेतली होती. त्या औषधात अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल असलेली वनस्पती मिसळली गेल्याचे उघड झाले. डॅन्यूबच्या खोऱ्यातील गावांमध्ये अनेक दशके आढळणाऱ्या बाल्कन नेफ्रोपॅथीशी या चित्राचे साम्य जाणकारांच्या लक्षात आले आणि पुढे तेथील रुग्णांच्या मूत्रपिंडाच्या डीएनएवरही याच आम्लाची खूण सापडली. एल साल्वाडोरमधील ऊसतोड मजूर, श्रीलंकेतील भातशेती करणारे आणि आंध्र प्रदेशातील उद्दानम भागातील शेतकरी यांच्या बायॉप्सींनी अजून कारण दिलेले नाही. पण तेथील आजार मधुमेहाचा किंवा प्रतिरक्षा संस्थेच्या केशिकागुच्छविकाराचा नसून मुख्यतः नलिका व त्यांच्या सभोवतालच्या ऊतकाचा आहे, आणि एल साल्वाडोरमध्ये त्याच्या जोडीला केशिकागुच्छही व्रणग्रस्त होतात, हे त्यांनी दाखवले. कष्टकरी माणसांच्या या आजाराकडे दीर्घकाळ दुर्लक्ष झाले, म्हणून एवढा पुरावाही फार महत्त्वाचा आहे.

दोन देशांच्या नोंदींची तुलना करताना टक्केवारीवर भिस्त ठेवता येत नाही, कारण एका विकाराचा वाटा वाढला की दुसऱ्याचा आपोआप घटतो. दर दहा लाख लोकसंख्येमागे किती बायॉप्सी झाल्या आणि त्यांत प्रत्येक विकार किती वेळा आढळला हे सांगितले, तरच तुलनेला अर्थ येतो. शिवाय सर्वत्र एकच परिभाषा हवी. ल्युपस नेफ्रायटिससाठी 2003 चे वर्गीकरण आणि आयजीए नेफ्रोपॅथीसाठी 2009 चे ऑक्सफर्ड वर्गीकरण याच गरजेतून आले.

निदानाची रीत बदलली, की नोंदही बदलते. मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथीतील पीएलए2आर या प्रतिजनाचा (ज्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात त्या प्रथिनाचा) शोध 2009 मध्ये लागला. केडिगो या आंतरराष्ट्रीय मूत्रपिंडविकार संस्थेच्या 2021 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार नेफ्रॉटिक सिंड्रोम असलेल्या रुग्णाच्या रक्तात त्याविरुद्धची प्रतिपिंडे सापडली, तर निदानासाठी बायॉप्सी अनिवार्य नाही. हे रुग्ण आता रक्ततपासणीच्या नोंदीत सापडतील, आणि बायॉप्सीच्या नोंदीत या विकाराची संख्या रोग न घटताही उतरू शकेल.