लँडिंग गिअरचा सिलिंडर: दुरुस्त करायचा की बदलायचा, आणि अर्ज कुठे अडतो

कोल्हापूरच्या औद्योगिक वसाहती: शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव. ट्रॉलीच्या जॅकचा रॉड ग्राइंडिंग करून, हार्ड क्रोम मारून नव्यासारखा देणारे कारागीर इथे भरपूर आहेत. लहान विमानाच्या लँडिंग गिअरचा, म्हणजे चाकांच्या यंत्रणेचा, सिलिंडर त्यांच्या हाताला जड नाही. अडतं ते कागदांवर.

दुरुस्तीसाठी डीजीसीएची (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची) सीएआर-145, म्हणजे विमान-दुरुस्ती संस्थेची, मान्यता हवी: लँडिंग गिअरला सी-14, हायड्रॉलिक भागांना सी-12 वर्ग. आयएसओ 9001 आणि उद्यम नोंदणी जोडून हे भागत नाही. जुना रॉड मोजून तसाच नवा बनवून विकणं ही तर दुरुस्तीच नव्हे, ते उत्पादन. त्याचा रस्ता सीएआर-21 मधून, म्हणजे विमानाचे भाग बनवण्याच्या मान्यतेच्या नियमांतून जातो.

सगळ्यात जास्त अडवणारा कागद म्हणजे त्या भागाचं कॉम्पोनंट मेंटेनन्स मॅन्युअल, म्हणजे देखभाल-दुरुस्तीची पुस्तिका. ते उत्पादकाकडूनच, चालू आवृत्तीचं लागतं. कुणाकडची जुनी झेरॉक्स चालत नाही. ओरखडा किती खोल चालेल, ग्राइंडिंगनंतर व्यास किती उरला पाहिजे, हे त्यातच असतं. मर्यादा ओलांडली की भाग बदलायचाच, तिथे आपला अनुभव मोजला जात नाही. म्हणून आधी मॅन्युअल मिळवा, मशीनवर पैसे नंतर घाला.

दुसरी अडचण प्लेटिंगची. क्रोम चढवताना उच्च ताकदीच्या पोलादात हायड्रोजन शिरतो आणि ते ठिसूळ होतं. म्हणून लगेच साधारण 190 अंश सेल्सिअसला काही तास भाजावं लागतं. प्लेटिंगवाला म्हणतो, ‘भाजलंय की’. पण भट्टीच्या तापमानाची आणि वेळेची नोंद मागा. ती नसेल तर तो रॉड विमानाला देऊ नका, कळकळीने सांगतो.

बदली भाग घेताना सीए फॉर्म 1 (भाग विमानात वापरायला योग्य असल्याचा दाखला) किंवा मान्य परदेशी रिलीज सर्टिफिकेट बघा. पुरवठादाराचं अनुरूपता प्रमाणपत्र ओ-रिंग, नट-बोल्ट अशा स्टँडर्ड भागांना चालतं, सिलिंडरला नाही. हा फरक नियमांच्या भाषेतून सहज कळत नाही, आणि समजावून सांगायला कुणी बसत नाही. ओ-रिंगची मुदतही रबर पक्कं केल्याच्या तारखेपासून धरतात, बिलाच्या तारखेपासून नाही.

बाकी डीजीसीएच्या ई-जीसीए पोर्टलवर अर्ज, शुल्क, हत्यारांचं कॅलिब्रेशन हे नेहमीचंच. एक्स्पोझिशन, म्हणजे तुमच्या शेडमध्ये काम कसं आणि कशावर चालतं ते सांगणारी पुस्तिका, मात्र स्वतः लिहा. दुसऱ्याच्यात नाव बदलून दिलेलं तपासणीत पहिल्याच प्रश्नाला उघडं पडतं, कारण त्यात लिहिलेलं टेस्ट बेंच तुमच्या शेडमध्ये नसतं.