सांडवा, खाऱ्या मत्स्यालयाचा

सागरी मत्स्यालयात पृष्ठभागावरचे पाणी ठरावीक पातळीवरून खालच्या सम्पमध्ये (मुख्य टाकीखालच्या गाळणीच्या टाकीत) उतरवणारी रचना. व्यवहारात तिला ओव्हरफ्लो म्हणतात. दातेरी कडेवरून पाणी एका कप्प्यात पडते, तेथून पीव्हीसी नळीने सम्पमध्ये जाते आणि गाळण झाल्यावर रिटर्न पंप ते वर चढवतो. साताऱ्याला पाणी पुरवणाऱ्या कास तलावाच्या सांडव्याप्रमाणे येथेही खाली येणारे पाणी केवळ स्वतःच्या वजनाने वाहते. पंपाचा त्याच्यावर ताबा नसतो. बहुतेक बिघाडांचे मूळ येथेच आहे.

रचनेच्या उगमाबद्दल एकमत नाही. विल्यम अल्फर्ड लॉइड यांनी हँबर्ग (1864) आणि लंडनचा क्रिस्टल पॅलेस (1871) येथील मत्स्यालयांत टाक्यांखाली अंधारा जलसाठा ठेवून समुद्राचे पाणी सतत फिरवले. सम्पचा आरंभ काहीजण तेथे मानतात. दुसरे मत असे, की घरगुती सम्प नेदरलँड्समधील ठिबक गाळणीतून आला व 1980 च्या दशकाच्या मध्यास अमेरिकेतून सर्वत्र पसरला. तत्त्व लॉइड यांचे आणि घरगुती रूप डच, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. हवेसह पाणी उतरवणारी डर्सो नळी साधारण 2000 च्या आसपासची, तर हर्बी व बीनअ‍ॅनिमल या पूर्ण भरलेल्या नळीच्या पद्धती त्यानंतरच्या दशकातल्या असाव्यात. ही नावे प्रसारकांची आहेत. पूर्ण भरलेल्या नळीचा सायफन त्यांच्याहून फार जुना आहे.

सायफन कशामुळे चालतो, हाही वादाचा विषय होता. ऑक्सफर्ड इंग्रजी कोशाने त्याचे श्रेय वातावरणाच्या दाबाला दिले होते. त्यावर भौतिकीविज्ञ स्टीफन ह्यूज यांनी 2010 मध्ये आक्षेप घेतला. चालक बल गुरुत्वाचे हे आता सामान्यतः मान्य आहे, कारण निर्वातातही सायफन चालल्याचे प्रयोग झाले आहेत. दाबामुळे फक्त उंचीची मर्यादा ठरते : समुद्रसपाटीला सुमारे 10 मी., सुमारे 700 मी. उंचीवरील साताऱ्यात साडेनऊ मीटरच्या आसपास. टाकीच्या पाऊण मीटर उंचीच्या स्टँडला याने काही फरक पडत नाही.

उघड्या उभ्या नळीत भोवऱ्यातून हवा ओढली जाते व गुळगुळ आवाज येतो. डर्सो पद्धतीत नळीच्या माथ्यावर टी व एल्बो बसवून तोंड खाली वळवतात आणि वरच्या टोपणाला बारीक छिद्र पाडतात. छिद्र अपुरे असल्यास नळी भरते, कप्पा झपाट्याने रिकामा होतो, हवा शिरून धार तुटते आणि पाणी पुन्हा चढू लागते. छिद्र थोडेथोडे वाढवत गेल्यास हे चक्र थांबते.

पूर्ण सायफनची नळी जवळजवळ निःशब्द असते, पण तिचा प्रवाह पंपाशी जुळवावा लागतो. त्यासाठी गेट व्हॉल्व्हच हवा. बॉल व्हॉल्व्हने बारीक जुळवणी साधत नाही. नळीचे खालचे टोक सम्पच्या पाण्यात दोन-तीन सेंमी.पेक्षा खोल नेल्यास अडकलेली हवा बाहेर पडत नाही व सायफन सुरू होण्यास वेळ लागतो. आतून चिकट थर जमला की प्रवाह हळूहळू घटतो. नळी काढून व्हिनेगरने धुणे उत्तम.

गोगलगाय किंवा शेवाळाचा गोळा अडकल्यास एकच नळी असलेली टाकी बैठकीच्या खोलीत सांडते. म्हणून तीन नळ्यांची मांडणी श्रेयस्कर : एक भरलेली, एक बारीक धारेची आणि तिसरी कोरडी. कोरड्या नळीने एकटीने पंपाचा पूर्ण प्रवाह वाहून नेला पाहिजे. पहिल्या दोन्ही मुद्दाम बंद करून हे पाहिल्याशिवाय टाकीत मासे सोडू नयेत. काठावर टांगण्याच्या ओव्हरफ्लो खोक्यात वळणाच्या नळीत हवा साठून सायफन तुटतो आणि पंप मात्र चालूच राहतो. काचेला भोक पाडलेला सांडवा त्याहून भरवशाचा. मात्र टफन काचेला भोक पाडू नये, ती फुटते.

वळवाच्या वादळी पावसात वीज जाणे सांगली-साताऱ्यात नेहमीचे. पंप थांबताच पाणी रिटर्न नळीतून उलटे येते. 120×45 सेंमी. टाकीत पातळी अडीच सेंमी. घटली तरी साडेतेरा लिटर पाणी उतरते. रिटर्नचे तोंड दहा सेंमी. खोल असल्यास 54 लिटर. तेवढी जागा सम्पमध्ये मोकळी हवी. हा उलटा प्रवाह तोडण्यासाठी रिटर्न नळीला पृष्ठभागालगत हवेचे छिद्र पाडतात, ते गुलाबी शेवाळाने बुजते. एकदिश झडपही क्षार बसून अडकते.

चैत्र-वैशाखात कोरड्या हवेने पाणी लवकर आटते. घट सम्पच्या पंपकप्प्यात दिसते. पंप हवा ओढतो आणि टाकीत बारीक बुडबुडे येतात. दोष सांडव्याचा समजून व्हॉल्व्ह फिरवला जातो, ते टाळावे. भर आरओच्या गोड्या पाण्याची घालतात. खाऱ्या पाण्याची घातल्यास खारेपणा दाखवणारे विशिष्ट गुरुत्व 1.025 च्या वर चढत जाते.