उन्हाळ्यातील गळाची मासेमारी (इंदूर परिसर)

मार्चअखेरपासून माळव्यातील तलाव तापू लागतात, तशी गळ टाकण्याची वेळ, खोली आणि आमिष बदलावे लागते. रोहू, कटला, मृगळ हे उबदार पाण्याचेच मासे. २५ ते ३२ अंश सेल्सिअसला ते चांगले खातात. मे महिन्यात त्यांची अडचण होते ती मुख्यतः प्राणवायूची. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसात. इंदूर साधारण ५५० मीटर उंचीवर असल्याने इथे याहून थोडा कमीच.

म्हणूनच ‘उन्हाळ्यात पहाटेच बसा’ हा सल्ला सरसकट पाळू नये. इंदूरजवळच्या यशवंत सागर जलाशयासारख्या मोकळ्या, लाटा उठणाऱ्या पाण्यावर पहाट ते सकाळी नऊ ही वेळ खरोखर उत्तम. शेवाळाने हिरव्या झालेल्या उथळ तळ्यात मात्र रात्रभर शेवाळही प्राणवायू वापरते आणि सूर्योदयाच्या सुमारास तो सर्वांत कमी असतो. मासे पृष्ठभागाशी तोंड उघडून हवा घेताना दिसले, तर ते आमिषाला तोंड लावणार नाहीत. तिथे आठ-साडेआठनंतर गळ टाकावा, किंवा सरळ संध्याकाळी यावे.

खोली अंदाजाने ठरवू नये. दोरीला दर अर्ध्या मीटरवर गाठ मारून थर्मामीटर सोडावा, प्रत्येक गाठीला दोन मिनिटे थांबावे आणि झटकन वर घेऊन वाचावा. तापमान जिथे एकदम उतरते, त्याच्या किंचित वर गळ ठेवावा. अगदी तळाचे गार पाणी मोहात पाडते. पण दोरीच्या टोकाच्या शिशाच्या वजनाबरोबर काळा, कुजका वास येणारा चिखल वर आला, तर तिथे प्राणवायू जवळजवळ नाही असे समजावे. एरवी तळाशी चरणारा मृगळसुद्धा अशी जागा सोडून कडेच्या उताराकडे सरकतो. मे महिन्यात इथे पश्चिमेचा वारा जोरात वाहतो, त्यामुळे दुपारनंतर लाटा आपटणारा पूर्वेचा काठ आधी पाहावा.

दोन भाग शेंगदाण्याची पेंड, एक भाग कणीक आणि थोडे भाजलेल्या चण्याचे पीठ घट्ट मळून ओल्या फडक्यात, सावलीत ठेवावे. उन्हात हा गोळा तीन-चार तासांत आंबून सैल पडतो आणि गळावरून सुटतो. गोळी हरभऱ्याएवढी, फ्लोट (पाण्यावर तरंगून ओढ दाखवणारा तुकडा) हलका. मासा हळू ओढतो, जड फ्लोट ते दाखवतच नाही. मासे जमवण्यासाठी पाण्यात चारा मूठभरच टाकावा. उरलेला कुजतो आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू खातो.

मरळ हवेतून श्वास घेतो, म्हणून भर दुपारीही पाणवनस्पतींच्या सावलीत सापडतो. तांबूस पिलांचा थवा दिसला, तर खाली पालक राखण करत असतात. त्यांना पकडू नये.

सोडायचा मासा दमवू नये. हात ओले करावेत, तापलेल्या दगडावर त्याला ठेवू नये, गळ शक्यतो पाण्यातच काढावा. पाणी ३२ अंशांपुढे गेले की पकडून सोडण्याचा खेळ बंद ठेवलेला बरा. पोहत गेलेला मासाही नंतर मरू शकतो.

सिरपूर तलाव आणि यशवंत सागर २०२२पासून रामसर स्थळे, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागा आहेत. परवानगीशिवाय गळ टाकू नये. मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारीला बंदी असते. बडवाहला नर्मदेवर जाणाऱ्यांनी पात्रातल्या खडकांवर बसू नये: ओंकारेश्वर धरणातून पाणी सोडले की निरभ्र उन्हातही पातळी चढते आणि काठाकडची वाट बुडते.