गेटिसबर्ग की विक्सबर्ग? यादवी युद्धातल्या दोन विजयांचा घोळ

अमेरिकन यादवी युद्धावर (१८६१-६५, गुलामगिरी टिकवायला फुटून निघालेली दक्षिणेची राज्यं विरुद्ध उत्तर) मराठीत कुणी चार ओळी लिहिल्या की त्यातली एक ठरलेली असते: ‘गेटिसबर्गच्या निर्णायक लढाईत दक्षिणेचा कणा मोडला.’ उत्साह जास्त असेल तर ‘हे अमेरिकेचं पानिपतच’ अशी पुस्तीही जोडली जाते. विक्सबर्गची बोळवण मात्र ‘त्याच सुमारास पश्चिमेकडेही एक विजय मिळाला’ एवढ्यावर. कधीकधी दोन्ही एकमेकांत इतके मिसळतात की उत्तरेचा सेनापती ग्रँट याने गेटिसबर्ग जिंकलं असंही वाचायला मिळतं. ग्रँट त्या दिवशी तिथून जवळपास दीड हजार किलोमीटर लांब, मिसिसिपीच्या काठी होता.

गेटिसबर्ग बहुतेकांना ठाऊक आहे, तेव्हा ते भराभर उरकतो. पेनसिल्व्हेनियातलं गाव, १ ते ३ जुलै १८६३. दक्षिणेचा रॉबर्ट ली सुमारे ७० ते ७५ हजार सैन्य घेऊन उत्तरेत घुसला होता. समोर जॉर्ज मीड, ज्याच्या हाती सेनापतिपद येऊन तीन दिवस झाले होते. तिसऱ्या दिवशी लीने साडेबारा हजारांच्या आसपास सैनिक उघड्या माळावरून थेट शत्रूच्या मध्यावर सोडले. त्यातले निम्म्याहून अधिक मेले, जखमी झाले किंवा पकडले गेले. या हल्ल्याला ‘पिकेटचा हल्ला’ म्हणतात तेही मला खटकतं. त्यात तीन डिव्हिजन (हजारो सैनिकांचे मोठे विभाग) होत्या, जनरल पिकेटची त्यातली एक, आणि सगळ्यांवर हुकूम लीच्या हाताखालच्या लाँगस्ट्रीटचा. ते असो. ली हरला आणि मागे फिरला.

विक्सबर्गची ओळख मात्र नीट करून द्यायला हवी. मिसिसिपी नदी इथे केसाच्या पिनेसारखं वळण घेते आणि त्या वळणावरच्या उंच कड्यावर हे शहर. कड्यावर तोफा रोखून ठेवल्या की खालून जाणारी प्रत्येक बोट टप्प्यात. दक्षिणेची पूर्वेकडची राज्यं आणि पलीकडचं टेक्सस, आर्कान्सास, लुइझियाना यांना जोडणारा शेवटचा भरवशाचा दुवा हा आणि याच्या खालचं पोर्ट हडसन एवढाच उरला होता. ग्रँटने १८६२-६३चा हिवाळा हे शहर गाठायच्या खटपटीत घालवला. समोरच्या चिंचोळ्या भूभागातून कालवा खणून नदीच शहरापासून वळवायचा प्रयोगही केला, तो फसला. शेवटी १६ एप्रिल १८६३च्या रात्री अ‍ॅडमिरल पोर्टरच्या नौका तोफांचा मारा खात विक्सबर्गसमोरून खाली निसटल्या. सैन्य पलीकडच्या तीरावरून चालत खाली आलं आणि ३० एप्रिलला याच नौकांनी ते ब्रुइन्सबर्गला पूर्व तीरावर उतरवलं. मग पोर्ट गिब्सन, रेमंड, जॅक्सन, चँपियन हिल, बिग ब्लॅक या पाच लढाया अवघ्या १७ दिवसांत. १९ आणि २२ मेला तटबंदीवर केलेले थेट हल्ले मात्र सपशेल फसले, तेव्हा ग्रँटने वेढा दिला. गडकिल्ल्यांच्या गोष्टींवर वाढलेल्या आपल्या वाचकाला पुढचं वेगळं सांगायला नको: रसद तोडली, खंदक पुढे पुढे सरकवले, तटाखाली सुरुंग लावला. शहरातली माणसं टेकड्यांत गुहा खणून राहिली, खेचरांचं मांस खाल्लं गेलं, कागद संपल्यावर तिथलं वर्तमानपत्र भिंतीला चिकटवायच्या नक्षीदार कागदाच्या पाठीवर छापलं गेलं. वेढ्याच्या ४७व्या दिवशी, ४ जुलैला, दक्षिणेचा जनरल पेम्बर्टन याने शहर ग्रँटच्या ताब्यात दिलं.

एक खुल्या मैदानातली लढाई, दुसरा वेढा. एक तीन दिवसांची, दुसरी मोहीम महिनोन्‌महिन्यांची. हे फरक खरे आहेत, पण त्यांच्यापायी कुणाचा घोळ होत नाही. घोळ होतो तो पुढच्या एकाच प्रश्नावर, आणि तो कुणी विचारतच नाही: ५ जुलैच्या सकाळी हरलेल्या सेनापतीच्या हातात काय शिल्लक होतं?

आधी लीचं बघू. त्याची हानी भयंकर होती, मेलेले-जखमी-पकडलेले धरून २३ ते २८ हजार. पण उत्तरेचीही सुमारे २३ हजार झाली होती. ४ जुलैच्या धो धो पावसात जखमींच्या गाड्यांची मैलोन्‌मैल लांब रांग दक्षिणेकडे निघाली. सोबत तोफखाना होता आणि पेनसिल्व्हेनियातून हाकून आणलेली गुरं, गोळा केलेलं धान्यही होतं. पोटोमॅक नदीला पूर आलेला, होड्यांचा पूल उत्तरेच्या घोडदळाने आधीच तोडलेला. ली पाठीला नदी घेऊन आठवडाभर अडकून पडला. मीड आला, थांबला, सहकारी सेनापतींशी मसलत केली. दरम्यान पाणी ओसरलं आणि १३ जुलैच्या रात्री ली सैन्यासकट पलीकडे निघून गेला. लिंकनने १४ जुलैला मीडला पत्र लिहिलं: सोन्यासारखी संधी गेली, मला अपार दुःख झालंय, अशा आशयाचं. मग ते पाठवलंच नाही. जिंकलेल्या सेनापतीला राष्ट्राध्यक्ष असं पत्र लिहायला बसतो, यातच त्या विजयाचं मोजमाप आलं.

कारण ते सैन्य संपलं नव्हतं. त्याच सैन्यातल्या लाँगस्ट्रीटच्या तुकड्यांनी सप्टेंबरमध्ये चिकामॉगाला दक्षिणेला मोठा विजय मिळवून दिला. १८६४च्या मे-जूनमध्ये वाइल्डरनेसपासून कोल्ड हार्बरपर्यंत त्याच लीने उत्तरेचे ५० हजारांहून अधिक सैनिक मारले, जखमी केले किंवा पकडले. त्यानंतर पीटर्सबर्गसमोर तो नऊ महिने टिकला. म्हणून ‘अमेरिकेचं पानिपत’ ऐकलं की माझं डोकं फिरतं. पानिपतात भाऊसाहेब, विश्वासराव आणि सबंध फौज गेली. लीने शस्त्रं ठेवली ती ९ एप्रिल १८६५ला, गेटिसबर्गनंतर २१ महिन्यांनी.

आता पेम्बर्टन. त्याच्या हातात काहीच उरलं नाही. सुमारे २९,५०० सैनिक आणि १७२ तोफा शत्रूच्या ताब्यात. बंदुका तर इतक्या आणि अशा मिळाल्या की ग्रँटने आपल्या पलटणींना जुन्या बंदुका टाकून हरलेल्यांच्या चांगल्या बंदुका घ्यायला सांगितलं. ९ जुलैला पोर्ट हडसनही पडलं आणि सबंध मिसिसिपी उत्तरेची झाली. तिच्या पश्चिमेकडची राज्यं लढत राहिली, पण स्वतःपुरती. टेक्ससची गुरं आणि मेक्सिकोमार्गे येणारा माल पूर्वेकडे धाडणं आता चोरीछुपेच शक्य होतं. गेटिसबर्गनंतर लीच्या ताब्यातला नकाशा जून १८६३च्या आधी होता तसाच राहिला. विक्सबर्गनंतर दक्षिणेचा नकाशा फाटला, तो परत शिवला गेला नाही.

जाणकार इथे हटकून एक आक्षेप घेतात, आणि तो रास्त आहे. ग्रँटने हे कैदी ठेवून घेतले नाहीत. अदलाबदल होईपर्यंत लढणार नाही, असं लिहून घेऊन, म्हणजे पॅरोलवर, त्यांना सोडलं. तीस हजार माणसं बोटींनी उत्तरेत न्यायची, खायला घालायची, पहाऱ्यात ठेवायची, याला त्याच्याकडे बोटी आणि वेळ दोन्ही नव्हते. यातले काही पुढे नोव्हेंबरमध्ये चॅटनूगाला पुन्हा दक्षिणेकडून लढताना सापडले, त्यावरून मोठा वादही झाला. मग सैन्य संपलं कसं म्हणायचं? माझं उत्तर असं: काही माणसं परतली, सैन्य परतलं नाही. बरेचसे शिपाई आपापल्या घरी गेले ते गेलेच. तोफा गेल्या, कडा गेला, नदी गेली.

दोन्ही घटना योगायोगाने एकाच आठवड्यात आल्या असंही लिहिलं जातं. तारखा जुळणं योगायोगच, पण त्यांचा एकमेकींशी संबंध नक्की होता. मे १८६३मध्ये दक्षिणेच्या राजधानीत, रिचमंडला, तिचा अध्यक्ष जेफरसन डेव्हिस आणि त्याचं मंत्रिमंडळ याच पेचात होतं: विक्सबर्ग वाचवायला लीचं काही सैन्य पश्चिमेला पाठवायचं का? युद्धमंत्री सेडनने नाव घेऊन पिकेटची डिव्हिजन मागितली. लीने नकार दिला. तिकडचा उन्हाळाच ग्रँटला हुसकेल, असाही त्याचा एक युक्तिवाद होता. त्याऐवजी उत्तरेवर चढाई करायची परवानगी त्याने मिळवली. जी डिव्हिजन विक्सबर्गला जायची होती तीच ३ जुलैला गेटिसबर्गच्या माळावर कापली गेली. दुसऱ्या दिवशी विक्सबर्गही गेलं, आणि ग्रँटला ऊन काही बाधलं नाही.

मग नाव गेटिसबर्गचंच का? ते वॉशिंग्टनपासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, तिथे पूर्वेकडच्या वर्तमानपत्रांचे बातमीदार होते. विक्सबर्गची बातमी राजधानीत पोहोचली ७ जुलैला, कारण तार करायला आधी बोटीने नदी चढून इलिनॉयमधलं कैरो गाव गाठावं लागायचं. शिवाय १९ नोव्हेंबरला लिंकन गेटिसबर्गच्या दफनभूमीत दोन-तीन मिनिटं बोलला, आणि ‘लोकांचे, लोकांनी, लोकांसाठी’ आपल्याकडच्या नागरिकशास्त्राच्या पुस्तकापर्यंत येऊन पोहोचलं. विक्सबर्गला असं भाषण लाभलं नाही. भाषण थोर आहेच, पण त्याचं वजन लढाईच्या पारड्यात टाकू नये.

जाता जाता आणखी एक गाठ सोडवतो. गुलाममुक्तीच्या जाहीरनाम्याचा या दोहोंशी संबंध नाही. लिंकनने तो जाहीर केला सप्टेंबर १८६२मध्ये, अँटिएटमच्या लढाईनंतर पाच दिवसांनी, आणि तो लागू झाला १ जानेवारी १८६३ला. इंग्लंड दक्षिणेला मान्यता देईल अशी सर्वांत मोठी शक्यताही अँटिएटमच्या आधीच होती.

गेटिसबर्गने काहीच साधलं नाही असं मी म्हणत नाही. लीचे अनुभवी अधिकारी तिथे गेले, त्यांची जागा भरली नाही, आणि सबंध सैन्यानिशी तो पुन्हा कधी उत्तरेत उतरला नाही. पण ‘दोन्ही मिळून निर्णायक’ हे गुळमुळीत उत्तर मला मान्य नाही. एका ठिकाणी हल्ला परतवला गेला, दुसऱ्या ठिकाणी सैन्य आणि नदी दोन्ही जिंकून घेतली. पुढे लिंकनने सर्वोच्च सेनापती म्हणून निवडलं तेही विक्सबर्गवाल्याला. मीड जागेवर राहिला, पण १८६४पासून ग्रँटच्या हाताखाली.

बाकी जुलै १८६३मध्ये युद्ध संपलं नव्हतं, याची मुंबईइतकी रोकडी साक्ष कुणी देणार नाही. दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी कायम, म्हणून अमेरिकन कापूस लिव्हरपूलला येईना, म्हणून आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव. विक्सबर्ग पडल्यावर नदी मोकळी झाली तरी कापसाचा लोंढा काही आला नाही. कापसाच्या त्या पैशावर चढलेला, मुंबईचे दलाल प्रेमचंद रायचंद यांच्या काळातला शेअरांचा वेडा बाजार १८६४भर फुगतच गेला. तो फुटला ली शरण आल्याची बातमी आल्यावर, १८६५मध्ये.

अमेरिकेतली आपली मंडळी न्यू जर्सीहून गाडी काढतात, हर्शीचं चॉकलेट आणि गेटिसबर्ग एकाच फेरीत उरकतात. विक्सबर्गला मुद्दाम वाकडी वाट करून जावं लागतं, पण जमलं तर जरूर जा. डिसेंबर १८६२मध्ये सुरुंगाने याझू नदीत बुडालेली ‘कैरो’ ही चिलखती नौका १९६४मध्ये गाळातून काढली, ती तिथल्या राष्ट्रीय उद्यानात ठेवली आहे. कड्यावरून मिसिसिपीचं ते प्रसिद्ध वळण मात्र शोधू नका. ग्रँटला जे जमलं नाही ते नदीने १८७६मध्ये आपणहून केलं: तोच चिंचोळा भूभाग तोडून ती शहरापासून दूर गेली. आता धक्क्याला जे पाणी लागतं ते याझूचं, १९०३मध्ये कालवा काढून वळवलेलं.